शेजार आणि समता : तारापूर-बोईसर-पालघर पट्ट्यातील वस्ती व उद्योग यांचा इतिहास

नगररचनेच्या परिभाषेत ‘मिश्र वापर’ म्हणजे घरे, दुकाने, कार्यशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या यांना एकाच परिसरात, प्रसंगी एकाच इमारतीत, जागा देणारी मांडणी होय. याउलट ‘विभागवार नियोजन’ या पद्धतीत नगराच्या नकाशावर निवासी, व्यापारी आणि औद्योगिक असे स्वतंत्र पट्टे आखले जातात आणि एका पट्ट्यातील वापर दुसऱ्यात शिरू नये म्हणून कायद्याने बंधने घातली जातात. या दुसऱ्या पद्धतीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड या गावासंबंधीच्या खटल्यात मान्यता दिली. बंगल्यांच्या वस्तीशेजारी उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या सदनिका त्या वस्तीला मारक ठरतात, असा विचारही त्या निकालात मांडला गेला आणि त्यामुळे धूर व गोंगाट यांच्यापासून संरक्षण देण्याच्या हेतूला वर्गभेदाची जोड मिळाली. नगरविषयक लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये या विचारसरणीवर कठोर टीका केली आणि निरनिराळे वापर व निरनिराळ्या आर्थिक थरांतील माणसे जेथे एकत्र नांदतात तेच रस्ते जिवंत व सुरक्षित राहतात, असे प्रतिपादन केले. तेव्हापासून मिश्र वापर आणि सामाजिक समता ही जोडी नगररचनाकारांच्या लेखनात जवळजवळ गृहीत धरली जाऊ लागली.

हे गृहीतक कितपत खरे आहे, याची परीक्षा घेण्यास उत्तर कोकणातील तारापूर-बोईसर-पालघर हा पट्टा विशेष उपयुक्त आहे. बंदर, रेल्वे, अणुवीज केंद्र, औद्योगिक क्षेत्र आणि जिल्ह्याचे मुख्यालय या पाच निमित्तांनी येथे वस्ती आणि काम यांची मांडणी पुनःपुन्हा बदलली. मात्र प्रत्येक मांडणीत काहींच्या वाट्याला लाभ आणि काहींच्या वाट्याला भार येत राहिला. घर आणि काम यांचे अंतर कमी होण्याने येथे समता आली नाही. जमिनीवर कोणाचा हक्क, वस्तीची जबाबदारी कोणाची आणि आराखड्यात नोंद कोणाची, या तीन गोष्टींनी ती ठरत गेली, असे या पट्ट्याच्या इतिहासावरून दिसते.

बंदर, आळी आणि ओटी

तारापूर हे खाडीकाठचे जुने बंदर. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी दमण घेतल्यानंतर हा किनारा त्या ठाण्याच्या अमलाखाली आला आणि तारापूरचा किल्ला त्यांच्या संरक्षण फळीतील एक महत्त्वाचे स्थळ बनला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला जिंकला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मराठी अमलानंतर इंग्रजी राजवटीतही तारापूर आणि शेजारचे चिंचणी यांचे व्यापारी महत्त्व काही काळ टिकून होते. आतल्या मुलखातून येणारे भात, गवत आणि लाकूड येथून गलबतांनी मुंबईकडे जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबाद संस्थानाशी मोठे आर्थिक व्यवहार करणारे विकाजी व पेस्तनजी मेहेरजी हे पारशी सावकार बंधू मूळचे याच गावचे होते.

अशा बंदरगावात घर आणि धंदा वेगळे नसत. व्यापाऱ्याची पेढी घराच्या दर्शनी भागात, वखार मागील अंगणात आणि बिऱ्हाड माडीवर असे. किनाऱ्यावरील मांगेला, वैती व माच्छी समाजांच्या वस्त्यांत जाळी विणण्याचे व दुरुस्तीचे काम ओटीवर चाले, तर घरापुढील मोकळ्या वाळूत वलांडी, म्हणजे बोंबील सुकवण्यासाठी बांबू उभे-आडवे बांधून केलेले मांडव, उभे असत. म्हणून मच्छीमाराच्या घराची हद्द त्याच्या भिंतींवर न थांबता थेट भरतीच्या रेषेपर्यंत जाई. चिंचणी, तारापूर आणि वाणगाव या भागात रुजलेला डायमेकिंगचा, म्हणजे दागिन्यांचे साचे कोरण्याचा, गृहोद्योग याच परंपरेतील आहे. धातूच्या ठोकळ्यावर छिन्नी आणि कानस यांनी नक्षी उलटी कोरायची, आणि त्या साच्यावर पातळ पत्रा दाबून दागिन्याचा उठाव काढायचा, असे हे काम. ओटीवर उजेडाच्या अंगाला बसून ते करणाऱ्या कारागिराला वेगळा कारखाना लागत नाही, आणि कुटुंबातील पुढची पिढीही तेथेच हात बसवते.

वापरांच्या मिश्रणाचे यापेक्षा स्वाभाविक उदाहरण मिळणे कठीण. तरीही या गावांना समतेची गावे म्हणता येत नाही, कारण त्यांची रचना आळींची होती. आळी म्हणजे बहुधा एका जातीच्या किंवा धंद्याच्या कुटुंबांची सलग घरांची रांग. एका आळीत घर, दुकान आणि कारखाना एकत्र असला तरी दुसऱ्या आळीतील माणसाला त्या ओटीवर बसता येईल की नाही, विहिरीवर पाणी भरता येईल की नाही, हे जात ठरवी. कामे एकमेकांना खेटून होती आणि त्यांच्यामुळे माणसे एकमेकांवर अवलंबूनही होती; परंतु अवलंबित्व आणि बरोबरी या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि जुन्या बंदरगावाने त्यांतील पहिलीच तेवढी दिली.

रेल्वे, जंगल आणि पाडे

१८६० च्या दशकात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातकडून मुंबईपर्यंत आला आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत वाहतूक सुरू झाली. हा मार्ग किनाऱ्यापासून काही किलोमीटर आतून गेल्यामुळे गलबतांचा व्यापार ओसरत गेला आणि पालघर, बोईसर, वाणगाव ही स्थानके भाताची, गवताची व लाकडाची नवी नाकी बनली. तालुक्याचे ठाणेही कालांतराने किनाऱ्यावरील माहीमहून रेल्वेलगतच्या पालघरला आले. स्थानकाभोवती दुकाने, गोदामे, खानावळी आणि कचेऱ्या यांची जी दाटी झाली, तीच आजच्या पालघर व बोईसरच्या बाजारपेठांची मूळ बैठक होय.

या बाजारपेठेत येणारा माल मात्र ज्यांच्या श्रमातून निघे ते वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी आदी आदिवासी समाज स्थानकापासून दूर, डोंगराच्या बाजूला विखुरलेल्या पाड्यांत राहत. पाडा म्हणजे मूळ गावाच्या हद्दीतील, पण गावठाणापासून सुटी असलेली दहा-वीस घरांची वस्ती. गावठाणाची मोजणी होऊन त्याचा नकाशा तयार झाला. अनेक पाडे मात्र शेतजमिनीच्या किंवा वनजमिनीच्या नोंदीतच राहिले, आणि या नोंदीचा परिणाम पुढे शतकभर जाणवत राहिला. जंगलाचे ठेकेदार, जमीनदार आणि सावकार यांनी वेठबिगार व लग्नगडी या पद्धतींनी आदिवासींना बांधून ठेवले होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे वर्षानुवर्षे राबणे, असे लग्नगडीचे स्वरूप होते. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने १९४५ मध्ये सुरू केलेल्या लढ्याने या पद्धतींवर निर्णायक घाव घातला. त्या वर्षीच्या मे महिन्यात झरी येथे झालेल्या परिषदेनंतर वेठ नाकारण्याची चळवळ गावोगाव पसरली, आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केल्यानंतरही ती थांबली नाही. माणूस मोकळा झाला, परंतु त्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर होण्याचा प्रश्न पुष्कळ अंशी शिल्लक राहिला, आणि याच स्थितीत या पट्ट्यात मोठ्या उद्योगांचे युग सुरू झाले.

अणुवीज केंद्र आणि त्याची वसाहत

देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरजवळ उभारण्याचा निर्णय झाला तो दोन प्रमुख कारणांमुळे. पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून दूर असल्यामुळे येथे अणुवीज आर्थिकदृष्ट्या परवडण्याजोगी ठरणार होती आणि संयंत्र थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी हाताशी होते. १९६३ मधील भारत-अमेरिका करारानुसार उभारलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या आणि ती वीज महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना मिळू लागली. त्यांची क्षमता आरंभी प्रत्येकी २१० मेगावॉट होती. पुढे ती १६० मेगावॉटवर आणण्यात आली. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्या २००५-०६ मध्ये कार्यान्वित झाल्या.

अणुवीज केंद्राबरोबर या पट्ट्यात विभागवार नियोजनाचा सर्वांत कडक प्रकार आला. केंद्राभोवती १.६ किलोमीटरचे वर्जित क्षेत्र असते आणि त्यात वस्तीला पूर्ण बंदी असते. त्याबाहेर ५ किलोमीटरपर्यंतच्या भागात लोकसंख्येची केवळ नैसर्गिक वाढ होऊ द्यावी, बाहेरची वस्ती आकर्षित करतील असे उपक्रम येऊ देऊ नयेत, असा दंडक असतो, तर १६ किलोमीटरपर्यंतचा भाग आपत्कालीन नियोजनाच्या कक्षेत येतो. या दंडकांमागे सुरक्षिततेचे सबळ कारण आहे. वापर वेगळे ठेवणे नेहमीच अन्यायाचे असते असे नाही, हे येथे स्पष्ट होते. प्रश्न उरतो तो या विभाजनाची किंमत कोणी मोजली हा. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांच्या वेळी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठविण्यात आली आणि तेथील कुटुंबांना नव्याने आखलेल्या पुनर्वसन वसाहतींत हलविण्यात आले. पुनर्वसनाच्या हिशेबात घराच्या बदल्यात घर आणि भूखंडाच्या बदल्यात भूखंड मोजता आला. घरापुढची वलांडीची जागा, होडी ओढून घेण्याची वाळू आणि भरती-ओहोटी पाहून कामाला निघण्याची सोय मोजता आली नाही. जुन्या गावातील घर हे निवास आणि व्यवसाय यांचे एकत्र स्थान होते. नवे घर केवळ निवासी होते. वापरांची ही फारकत कोणत्याही कागदावर ‘फारकत’ म्हणून नोंदली गेली नाही, पण उपजीविकेवर तिचा घाव सर्वांत खोल बसला.

याच काळात बोईसरच्या बाजूला केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र वसाहत उभी राहिली. शाळा, रुग्णालय, बाजार, मैदाने आणि झाडे लावलेले रस्ते यांनी ती परिपूर्ण होती. कारखाना आणि वस्ती एकाच विचाराने आखण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसविलेली किर्लोस्करवाडी हे तिचे ठळक उदाहरण होय. मात्र सरकारी वसाहतीत क्वार्टरचा प्रकार वेतनश्रेणीवर ठरतो, म्हणून जुन्या गावात जातीने जे काम केले होते तेच येथे हुद्द्याने केले, एवढ्या फरकाने की हुद्दा बढतीने बदलतो आणि वेगवेगळ्या हुद्द्यांची मुले एकाच शाळेत बसतात. त्या मर्यादेत ही वसाहत आळीपेक्षा खचितच पुढे होती. तिची खरी मर्यादा तिच्या कुंपणाशी होती. आतल्या सोयी आतल्यांसाठी होत्या, आणि कुंपणाबाहेर घरकामाला, बागकामाला व कंत्राटी मजुरीला येणाऱ्यांची घरे मात्र ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या साधनांवर अवलंबून राहिली.

औद्योगिक क्षेत्राची हद्द

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेली ‘एमआयडीसी’, स्थापन झाले. मुंबई-ठाणे परिसरातील गर्दी कमी करून उद्योग बाहेर नेण्यासाठी राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबविली. या धोरणाचा लाभ मिळालेल्या ठिकाणांपैकी तारापूर औद्योगिक क्षेत्र हे एक महत्त्वाचे ठिकाण. महानगराच्या जकातीपलीकडे, पण रेल्वेने त्याच्याशी जोडलेली ही जागा उद्योजकांना सोयीची होती. नावाने तारापूरचे असलेले हे क्षेत्र प्रत्यक्षात बोईसर स्थानकाच्या पश्चिमेकडील सरावली, कुंभवली, पाम, सालवड, पास्थळ, कोळवडे आदी गावांच्या परिसरात पसरले. रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे हजाराहून अधिक कारखाने तेथे उभे राहिले.

या क्षेत्राच्या घडणीतील कळीची बाब म्हणजे त्याची हद्द. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार एखाद्या अधिसूचित क्षेत्रासाठी ‘विशेष नियोजन प्राधिकरण’ नेमता येते, म्हणजे त्या क्षेत्राचा आराखडा, बांधकाम परवानगी आणि पायाभूत सोयी यांचे अधिकार स्थानिक संस्थेऐवजी एका स्वतंत्र यंत्रणेकडे जातात. औद्योगिक क्षेत्रात हे अधिकार महामंडळाकडे आहेत. परिणामी हद्दीच्या आत रुंद रस्ते, पथदिवे, सूर्या नदीवरून आणलेले नळाचे पाणी आणि आखीव भूखंड, तर हद्दीला लागून असलेल्या गावांत शहराएवढी लोकसंख्या आणि ग्रामपंचायतीएवढे अधिकार, अशी स्थिती निर्माण झाली. आराखड्याने कारखान्यांना जागा दिली, परंतु त्यांत काम करणाऱ्या हजारो माणसांनी कोठे राहावे याचे पुरेसे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर हद्दीबाहेरच्या गावांनी आपल्या परीने दिले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान, तसेच खानदेश व मराठवाडा येथून आलेल्या कामगारांसाठी स्थानिक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर खोल्यांच्या चाळी बांधल्या. अशा चाळीची घडण बहुतेक ठिकाणी सारखीच असते. पुढे रस्त्याला तोंड करून तीन-चार गाळे, त्यांत किराणा, मोबाइल दुरुस्ती, खानावळ किंवा दवाखाना, आणि मागे बोळाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दारे असलेल्या, सिमेंटच्या पत्र्यांच्या खोल्या. टोकाला सामाईक नळ आणि संडास. एका खोलीत चार-पाच जण राहतात आणि कामाच्या पाळ्या वेगळ्या असल्यामुळे रात्रपाळीहून परतलेला जेथे पाठ टेकतो तेथून दिवसपाळीचा नुकताच उठलेला असतो. भाडे महिन्याचे, अनामत रक्कम ठरलेली, करार मात्र बहुधा तोंडी. घरमालकाकडे ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती असते, पण घरपट्टी भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही, आणि भाडेकरूच्या नावाने तर कोणताच कागद नसतो.

नगररचनेच्या व्याख्येने पाहिल्यास सरावली किंवा खैरापाडा येथील असा रस्ता मिश्र वापराचा उत्तम नमुना ठरावा. घर, दुकान, दवाखाना आणि कामाची जागा चालण्याच्या अंतरावर आहेत, निरनिराळ्या भाषांची आणि धर्मांची माणसे एका बोळात राहतात आणि रस्ता रात्रीही जागा असतो. तथापि हे मिश्रण नियोजनातून आलेले नाही. ते नियोजनाने सोडून दिलेल्या जागेत उगवलेले आहे आणि म्हणून त्यात वापरांबरोबर धोकेही मिसळले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळून ते देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. हवा, पाणी आणि जमीन यांची दूषितता एकत्र मोजणारा हा निर्देशांक वाढला की अर्थातच स्थिती वाईट असते. कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाते. त्याने मासेमारी बुडते अशी तक्रार करीत अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि लवादाने प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर पर्यावरणीय भरपाईची जबाबदारी टाकली. ११ जानेवारी २०२० रोजी कोळवडे येथील रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जण मृत्युमुखी पडले. मृतांत स्त्रियांचाही समावेश होता. काम आणि घर यांच्यात किती अंतर असावे, हा प्रश्न येथे सोयीचा न राहता जिवाचा होतो.

त्याच वर्षी मे महिन्यात कोविडच्या टाळेबंदीमुळे पालघर जिल्ह्यातून श्रमिक विशेष गाड्या उत्तरेकडे सुटल्या, तेव्हा वर्षानुवर्षे येथे राबलेल्या माणसांपैकी कित्येकांचे या भूमीशी असलेले नाते एका महिन्याच्या भाड्याएवढेच होते, हे उघड झाले. भूमिपुत्रांची स्थिती वेगळ्या अर्थाने नाजूक राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या वा शासनाच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे जाऊ शकत नाही. या तरतुदीने पुष्कळ जमीन वाचवली. पण सार्वजनिक कामासाठी होणाऱ्या भूसंपादनाला ही आडकाठी लागू पडत नाही. सूर्या प्रकल्पाचे पाणीही असेच प्रवास करीत गेले. धामणी येथील धरण मूलतः सिंचनासाठी होते. पुढे त्याचा मोठा वाटा उद्योगांकडे आणि वसई-विरार, मीरा-भाईंदर या शहरांकडे वळला, आणि धरणाखालच्या आदिवासी शेतकऱ्यांना आपल्या वाट्याच्या पाण्यासाठी आंदोलने करावी लागली.

घराची किंमत आणि नवे नगर

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या पट्ट्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कारखान्यांची जागा म्हणून ओळखले जाणारे बोईसर आता मुंबईच्या मध्यमवर्गाला परवडणाऱ्या घरांची जागा म्हणून पुढे आले. २००९ मध्ये टाटा हाउसिंगने बोईसरजवळ ‘शुभगृह’ हा प्रकल्प जाहीर केला. लहान सदनिका सुमारे ३.९ लाख रुपयांपासून देऊ करणाऱ्या या योजनेची देशभर चर्चा झाली, कारण संघटित बांधकाम क्षेत्राने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्याची ती सुरुवातीची मोठी खटपट होती. १६ एप्रिल २०१३ पासून विरार-डहाणू रोड उपनगरीय लोकल सुरू झाल्यावर पालघर आणि बोईसरच्या घरांची मागणी आणखी वाढली. नोकरी मुंबईत आणि बिऱ्हाड बोईसरला, असा नवा वर्ग निर्माण झाला.

या नव्या घरांनी निम्न मध्यमवर्गाला मालकी हक्काचे छप्पर दिले, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु कर्ज मिळण्यासाठी पगाराची पावती लागते, आणि कंत्राटदाराकडून रोखीने मजुरी घेणाऱ्या कामगाराकडे ती नसते. त्यामुळे औद्योगिक क्षेत्राच्या अगदी जवळ उभ्या राहिलेल्या संकुलांत लांबून प्रवास करणारा नोकरदार राहू लागला आणि पाच मिनिटांच्या अंतरावर काम करणारा कामगार पत्र्याच्या खोलीतच राहिला. जात आणि हुद्दा यांच्यानंतर आता किंमत हे वेगळेपणाचे साधन बनले.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा या आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. किनाऱ्यावरचे नागरी तालुके आणि डोंगरातील आदिवासी तालुके एका प्रशासनाखाली आणणारा हा जिल्हा विषमतेचा आरसाच ठरला. विरारच्या उंच इमारती आणि मोखाड्यातील टंचाईग्रस्त पाडे यांची जबाबदारी एकाच जिल्हाधिकाऱ्याकडे आली. मुख्यालयासाठी पालघर-बोईसर रस्त्यावरील कोळगाव परिसराची निवड झाली आणि ते उभारण्याचे काम सिडकोकडे, म्हणजे नवी मुंबई वसविण्यासाठी १९७० मध्ये स्थापन झालेल्या शहर व औद्योगिक विकास महामंडळाकडे, सोपविण्यात आले. सिडकोने मुख्यालय बांधून द्यावे आणि त्या बदल्यात मिळालेल्या शासकीय जमिनीवर नवे नगर विकसित करून खर्च भरून काढावा, अशी ही योजना आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मुख्यालयाचे उद्घाटन झाले. कचेऱ्या, घरे, बाजार आणि मोकळ्या जागा यांची एकत्र आखणी असलेले हे या पट्ट्यातील पहिले सरकारी नियोजित नगर ठरेल. तथापि जमीन विकून खर्च भागविण्याची पद्धत जमिनीच्या भावावर उभी असते, आणि भाव जितका चढेल तितकी कमी उत्पन्नाच्या माणसाला त्या नगरात जागा मिळणे अवघड होते. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे बोईसर येथील नियोजित स्थानक आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झालेले वाढवण बंदर यांमुळे हा भाव वाढण्याचीच शक्यता अधिक आहे.

मिश्र वापराच्या अटी

महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू केली आणि तिने मोठ्या रस्त्यांलगत मिश्र वापराला बरीच मोकळीक दिली. परंतु औद्योगिक विकास महामंडळाची क्षेत्रे तिच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आली, आणि त्यामुळे बोईसरसारख्या ठिकाणी एका बाजूला एक नियम व रस्ता ओलांडला की दुसरा, ही जुनी स्थिती कायम राहिली. ग्रामपंचायती, विशेष नियोजन प्राधिकरण, अणुवीज केंद्राचे दंडक, नव्या नगराचे महामंडळ आणि अनुसूचित क्षेत्रांतील गावांना १९९६ च्या पेसा कायद्याने मिळालेले ग्रामसभेचे अधिकार, इतक्या हद्दी एका लहानशा पट्ट्यात एकमेकींना छेदतात. प्रत्येक यंत्रणा आपल्या हद्दीपुरती उत्तरदायी असल्यामुळे दोन हद्दींच्या मध्ये राहणाऱ्या माणसाला कोणीच उत्तरदायी राहत नाही.

या इतिहासातून काढता येणारे निष्कर्ष तीन. पहिला असा की, वापरांच्या मिश्रणाला कोठे मर्यादा घालावी हे धोक्याने ठरावे, प्रतिष्ठेने नव्हे. रासायनिक कारखान्याभोवती मोकळा पट्टा हवाच, पण बंगल्याशेजारी चाळ नको हा विचार त्या पट्ट्याच्या आडून शिरता कामा नये. दुसरा असा की, कामगारांचे भाड्याचे घर हा औद्योगिक आराखड्याचाच भाग असला पाहिजे. टाळेबंदीनंतर, जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना आणली, ती या उणिवेची कबुलीच होती; पण भूखंड वाटपाच्या वेळीच कामगारांच्या निवासासाठी जागा राखणे हा त्या उणिवेवरचा अधिक टिकाऊ उपाय आहे. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा असा की, बोईसर आणि त्याला लागून असलेल्या गावांना एका नागरी संस्थेखाली आणून तिच्या महसुलात कारखान्यांचा आणि तिच्या मतदारयादीत भाडेकरूंचा समावेश झाल्याखेरीज शेजाराचे रूपांतर नागरिकत्वात होत नाही. अशी संस्था स्थापन करताना अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचे जमिनीवरील अधिकार विरघळून जाऊ न देणे हे मोठे कसबाचे काम आहे, कारण नगरपरिषद आली की ग्रामसभा जाते आणि तिच्याबरोबर संमती देण्याचा वा नाकारण्याचा अधिकारही जातो.

जेकब्स यांचे प्रतिपादन या पट्ट्याने खोटे ठरविले, असे म्हणता येणार नाही. सरावलीचा रस्ता खरोखरच जागता व परस्परांच्या उपयोगी पडणारा आहे. त्या प्रतिपादनात अध्याहृत राहिलेली अट मात्र येथील दोनशे वर्षांच्या अनुभवाने पुढे आणली. मिश्र वस्ती समतेला पोषक ठरण्यासाठी तीत राहणाऱ्या प्रत्येकाला तेथे राहण्याचा हक्क, तेथील धोक्यांची माहिती आणि तेथील निर्णयांत आवाज असावा लागतो. नव्या नगराची, स्थानकाची आणि बंदराची कामे हाती असताना या तीन गोष्टी आराखड्यात आधी लिहिल्या गेल्या, तर आळी, क्वार्टर आणि चाळ यांनी जे अर्धवट सोडले ते पुरे करण्याची संधी या जिल्ह्याला अजूनही आहे.